कारणे न दाखवा नोटीस

शनिवारची रात्र, एक वाजून दहा मिनिटं. वनाझजवळचा माझा वन बीएचके, कानावर हेडफोन, शेजारी गार झालेला चहा. मॅच संपली, आम्ही हरलो (यात बातमी काहीच नाही) आणि स्कोअरच्या जागी स्क्रीनवर एक पिवळी चौकट उगवली. मजकूर इंग्रजीत होता. अर्थ साधारण असा, की तुमच्या वर्तनाबद्दल इतर खेळाडूंनी तक्रारी केल्या आहेत, असंच चालू राहिलं तर तुमच्या खात्यावर कारवाई होऊ शकते. खाली एकच बटण. 'ओके'.

ओके काय, बॉस? कुठली तक्रार? कुणाची? कुठल्या मॅचमधली? काही नाही. पाच मिनिटं मी त्या बटणाकडे बघत बसलो आणि शेवटी दाबलं, कारण त्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. म्हणजे काय केलं ते माहीत नाही आणि कबुली देऊन मोकळा!

पोटापाण्यासाठी मी बाणेरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर सपोर्टचं काम करतो. कस्टमरचं तिकीट बंद करताना 'कारण' हा रकाना रिकामा ठेवला, तर आमची सिस्टीम तिकीट बंदच करू देत नाही. दिवसभर कारणं लिहिणाऱ्या माणसाला रविवारी पहाटे बिनकारणाची नोटीस! सरकारी खात्यात 'कारणे दाखवा' नोटीस असते ना? तिच्यात निदान तुम्ही काय केलंत ते लिहिलेलं असतं. ही 'कारणे न दाखवा' नोटीस. गेमचं नाव सांगत नाही. सांगून काय होणार, तुमच्यापैकी निम्म्यांना अशी चौकट कुठल्या ना कुठल्या गेममध्ये येऊन गेली असेलच.

आता आमच्या गँगबद्दल. आम्ही चौघं, इंजिनिअरिंगपासूनचे. एक फ्रँकफर्टला, एक हिंजवडीत, एक विमाननगरला आणि मी वनाझला. नावं छापायची नाहीत असा दम मिळालाय, त्यामुळे पत्त्यांवर भागवून घ्या. विमाननगर आणि वनाझ यांच्यातलं अंतर पुणेकरांच्या हिशेबात फ्रँकफर्टइतकंच आहे, हे वेगळं सांगायला नको. कट्टा सुटला, ट्रेक सुटले, एकमेकांच्या घरी जाणं लग्नांनंतर सुटलं. उरली ती शनिवारची रात्र, साडेअकरा ते दीड. कानात चौघांचे आवाज. गेम हे निमित्त हो, खरं म्हणजे तो आमचा फोन कॉल आहे. आणि या चौकटीचं म्हणणं असं, की तो बंद होऊ शकतो.

मग काय, तपास सुरू. मी काय काय बोलतो? रविवारी आंघोळ करताना यादी केली. 'उडव त्याला', 'मुडदा पडला', 'गाढवा, डावीकडे बघ', 'मर आता', 'तू बेंचवरच बरा', 'काय आंधळा झालायस का'. यात शिवी कुठे आहे? खरी शिवी मी हिंजवडीवाल्यालाच देतो आणि त्याला ती नाही दिली तर तो विचारतो, बरं आहे ना रे? पण 'मर आता' याचं कुणी शब्दशः भाषांतर केलं तर? लॉबीत अनोळखी माणसं असतात. मुंबईच्या सर्व्हरवर हिंदी, तमिळ, मल्याळी, बांगला सगळे एकत्र पडतात. आमच्या मराठीतलं त्यांना काय ऐकू जात असेल? आवाज तर नक्कीच ऐकू जातो आणि पेठेतला माणूस प्रेमानं बोलला तरी बाहेरच्याला भांडतोय असंच वाटतं.

मशीननं पकडलं म्हणावं, तर त्यातही गोम आहे. बोललेलं तपासणारी यंत्रं आता आली आहेत. व्हॅलोरंटनं 2022 मध्ये उत्तर अमेरिकेत सुरुवात केली, कॉल ऑफ ड्यूटीनं 2023 मध्ये टॉक्समॉड नावाचं यंत्र आणलं. पण दोघांचीही सुरुवात इंग्रजीपासून. 'गाढवा'तला जिव्हाळा कळणारं यंत्र कधी येणार, देव जाणे.

मी रीतसर दादही मागितली. 'माझी नेमकी चूक कळवल्यास सुधारणा करता येईल', इतक्या सभ्य इंग्रजीत. दोन दिवसांनी उत्तर: आम्ही आपल्या प्रकरणाचा आढावा घेतला असून वॉर्निंग योग्य आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार. सपोर्टवाला माणूस आहे मी. असली तयार उत्तरं कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलेली असतात ते मला माहीत आहे.

हे सगळं फक्त चिडवणारं होतं. टोचणारी गोष्ट दुसरीच. त्या चौकटीच्या आधीच्या शनिवारपासून विमाननगरवाला माझ्याशी बोलत नव्हता. खेळायला यायचा, हिंजवडीवाल्याला उत्तर द्यायचा, फ्रँकफर्टवाल्याच्या पीजेला हसायचा. मी काही विचारलं की शांतता. 'अरे मागे आहे तुझ्या!' शांतता. आणि तो मेलेला असायचा. असे तीन शनिवार गेले. हिंजवडीवाल्यानं मला वेगळ्या कॉलवर हळूच सांगितलं, 'त्यानंच केला असेल रे रिपोर्ट.'

बारा वर्षांच्या मित्रावर संशय यायला काय लागतं? एक पिवळी चौकट.

चौथ्या शनिवारी ठरवलं, जाऊन विचारायचं. फोनवर नाही, समोर. आणि गाडीनं नाही, कारण नगर रस्त्याच्या ट्रॅफिकमधून पोचलेला माणूस मित्राशी शांतपणे बोलूच शकत नाही. वनाझला मेट्रोत बसलो. वनाझ ते रामवाडी, अख्खं पुणं आडवं कापत जाते ही लाईन. मार्च 2024 मध्ये ती रामवाडीपर्यंत पोचली तेव्हा आम्ही चौघांनी ग्रुपवर जल्लोष केला होता, आता दर वीकेण्डला भेटायचं म्हणून. त्यानंतर भेटलो किती वेळा? एकदा.

नळस्टॉपला खिडकीतून खालचा सिग्नल दिसला आणि हसू आलं. गेल्या पावसाळ्यात इथेच मला ई-चलान बसलंय. मोबाईलवर मेसेज, लिंक उघडली तर माझाच फोटो! हेल्मेट, नंबरप्लेट, झेब्रा क्रॉसिंगवर टेकलेलं पुढचं चाक, तारीख, वेळ, चौक, कलम. चडफडलो, पण पैसे भरले. काय बोलणार, चाक माझंच होतं. ज्या शहरात भिंतीवरची पाटीसुद्धा गाडी इथे का लावायची नाही हे दोन टोमण्यांसकट समजावून सांगते, तिथल्या माणसाला बिनकारणाचं ऐकून घ्यायची सवयच नाही.

गरवारे कॉलेजच्या स्टेशनवर आमचं खरं तीर्थक्षेत्र लागतं. वरून दिसत नाही, कर्वे रोडला लागून असलेल्या एका गल्लीतलं बेसमेंट होतं ते. साल 2011, आम्ही सेकंड इयरला. तासाला वीस रुपये, अकरा ते सहा नाईट मारली तर शंभर. बावीस मशीन, एक रडका एसी, मॅगीचा वास आणि काउंटर स्ट्राइक वन पॉइंट सिक्स. डस्ट टूचा नकाशा आम्हाला स्वतःच्या सोसायटीपेक्षा जास्त पाठ होता. आज तिथे मोबाईलची कव्हर्स मिळतात.

त्या कॅफेचे मालक काका. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, डोळ्यांवर जाड चष्मा, गेममधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कान! बावीस पोरांच्या गोंगाटात कोण काय बोललं, ते त्यांना बरोबर कळायचं. भिंतीवर नियम लावलेला होता, शिवीगाळ केल्यास मशीन बंद, उरलेले पैसे परत नाहीत. एकदा मी समोरच्या टीममधल्या एका फर्स्ट इयरच्या पोराला त्याच्या बोबड्या बोलण्यावरून चिडवत होतो. पाठीवर किल्ल्यांचा जुडगा टेकला. 'सात नंबर, उठ.' म्हटलं, काका मी शिवी दिलीच नाही! ते म्हणाले, 'शिवी दिली असतीस तर दहा मिनिटांनी सोडला असता. तू त्याच्या बोलण्यावर बोललास. आज घरी जा.' अख्ख्या बेसमेंटसमोर. कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी गेलो तर त्यांनी सात नंबर माझ्यासाठी राखून ठेवला होता आणि शेजारच्या आठ नंबरवर ते फर्स्ट इयरचं पोरगं बसलं होतं. तो म्हणजेच आजचा विमाननगरवाला.

(बारा वर्षं म्हणालो ना मघाशी? हिशेब केला तर जास्तच भरतात.)

पण काका बावीस मशीन सांभाळत होते. लाखो खेळाडूंना पुरतील एवढे काका आणायचे कुठून? हा प्रश्न कंपन्यांनाही पडलाच होता. लीग ऑफ लेजंड्सवाल्या रायट कंपनीनं 2011 मध्ये, म्हणजे आम्ही त्या बेसमेंटमध्ये होतो तेव्हाच, 'ट्रिब्युनल' नावाची पंचायत सुरू केली होती. तक्रार आलेल्या खेळाडूचं चॅट इतर खेळाडूंना दाखवायचं, त्यांनी मत द्यायचं, शिक्षा की माफी. 2014 मध्ये ती बंद पडली, कारण प्रकरणं साचायची आणि निकाल लागायला उशीर व्हायचा. पण त्या काळात रायटला एक गोष्ट कळली आणि त्यांनी ती जाहीरपणे सांगितलीही. शिक्षेबरोबर माणसाला त्याचंच चॅट दाखवलं, हे बघ तू हे बोललास, की सुधारणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. नुसतीच शिक्षा दिली तर तो पुढच्या मॅचमध्ये आणखी तडकून खेळतो. काकांना हे फुकटात माहीत होतं!

डेक्कनला गाडी नदीकाठी वळते. पगडीच्या आकाराचं ते स्टेशन, खाली मुठा, उन्हाळ्यात जेवढी असते तेवढी. इथे मेट्रोत एक कॉलेजची गँग चढली, चौघांच्या हातात आडवे धरलेले फोन. बीजीएमआय. 'ए रिव्हाइव्ह दे ना!' वगैरे. पबजी मोबाईलचा काळ आठवला. त्यात 'मेरिट' नावाचे शंभर गुण असायचे. आपल्याच टीमवाल्याला उडवलंत, मॅच अर्धवट सोडलीत, की गुण कापले जायचे आणि साठच्या खाली गेलात की टीम बंद, एकट्यानं खेळा. शाळेतल्या शिस्तीच्या मार्कांसारखं. पण निदान आकडा दिसायचा.

त्या पोरांना कदाचित आठवतही नसेल, पण त्यांचा गेमच दोनदा 'रिपोर्ट' झालाय. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं 118 अ‍ॅप्स बंद केली, त्यात पबजी मोबाईल होता. मग 2 जुलै 2021 ला बीजीएमआय या नावानं तो परत आला, 28 जुलै 2022 ला पुन्हा दुकानांतून गायब झाला आणि मे 2023 च्या शेवटी परत. पहिल्या वेळी सरकारनं पत्रक काढून कारण सांगितलं होतं. दुसऱ्या वेळी एका संध्याकाळी गेम नुसता दिसेनासा झाला आणि पोरं 'माझ्याच फोनला काय झालं' म्हणून रीस्टार्ट मारत बसली. माझ्या चौकटीचंच मोठं रूप.

फसवाफसवीच्या बाबतीत मात्र कंपन्या बोलक्या असतात. 2021 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या सहा आठवड्यांत बीजीएमआयनं चीटिंगसाठी 25 लाखांहून जास्त खाती कायमची बंद केली आणि आकडा छापला. चीटिंग सिद्ध करता येतं. वर्तन? तिथे सगळ्यांची तोंडं बंद.

सगळ्यात सॉलिड प्रकार काउंटर स्ट्राइकचाच. व्हॉल्व्ह कंपनीनं नोव्हेंबर 2017 मध्ये 'ट्रस्ट फॅक्टर' आणला. तुमच्यावर विश्वास किती ठेवायचा, याचा हिशेब. तुमच्याबद्दल चीटिंगच्या किती तक्रारी येतात, तुम्ही किती वेळ खेळता, इतर गेम खेळता का, असं बरंच काही त्यात मोजलं जातं. पण तुमचा आकडा तुम्हाला कधीच दिसत नाही. मुद्दाम. मजा म्हणजे, तुमचा विश्वास फार खाली गेला असेल तर तुमच्याबरोबर खेळायला बसलेल्या मित्राच्या स्क्रीनवर सूचना येते, की याच्यामुळे तुमचा खेळ बिघडू शकतो. म्हणजे गावाला माहीत, नवऱ्याला नाही!

कंपन्यांची बाजूही खोटी नाही. कारण सांगितलं की माणूस लगेच मर्यादा शोधतो, किती तक्रारींपर्यंत चालतं ते. कुठल्या मॅचमधली तक्रार हे सांगितलं की कोणी केली ते ओळखता येतं आणि मग त्या बिचाऱ्याचे हाल. एखाद्या मुलीनं रात्री दोन वाजता कुणाला रिपोर्ट केलं असेल, तर तिचं नाव गुप्त राहायलाच हवं, त्यात वादच नाही. मला नाव नकोच होतं. मला हवं होतं एक वाक्य. मी काय बोललो, एवढंच.

जिल्हा न्यायालयाचं स्टेशन आलं आणि मला फ्रँकफर्टवाल्याचं लेक्चर आठवलं. युरोपात फेब्रुवारी 2024 पासून डिजिटल सेवांचा कायदा पूर्णपणे लागू आहे. तुमचं खातं रोखलं किंवा मजकूर काढला तर कारण लेखी द्यावं लागतं. नुसत्या वॉर्निंगला तो लागतो का, यावर आमचं तासभर भांडण झालं, फोनचं बिल येत नसल्यामुळे. आपल्याकडेही 2021 च्या आयटी नियमांत तक्रार अधिकारी आहे. त्यानं 24 तासांत तक्रारीची पोच द्यायची, ठरलेल्या मुदतीत निकाल लावायचा. 2023 पासून वर अपील समित्याही आहेत. हे सगळं मला तोंडपाठ झालं होतं. एका पिवळ्या चौकटीपायी मी कायदा वाचायला लागलो होतो आणि विमाननगरला साधा फोन केला नव्हता.

पुणे स्टेशन, रुबी हॉल, बंडगार्डन. येरवड्याला गाडी जरा जास्तच वेळ थांबल्यासारखी वाटली. आत मी पुन्हा एकदा डायलॉग जुळवत होतो. 'तू केलास का?' की 'तू केलास ना?' एका अक्षराचा फरक आहे, पण त्यात मैत्री जाऊ शकते.

रामवाडीला उतरून रिक्षा केली. तो विमाननगरच्या दत्तमंदिर चौकात उभा होता, टीशर्टवर, दाढी वाढलेली. चहा सांगितला. दोन मिनिटं मेट्रोबद्दल बोललो, एक मिनिट उकाड्याबद्दल. मग मी सरळ विचारलं.

'रिपोर्ट? तुला?' तो खरंच चक्रावला. 'नाही रे. मी तुला म्यूट केलं होतं फक्त.'

म्यूट! तीन शनिवार मी भिंतीशी बोलत होतो. 'मागे आहे तुझ्या' म्हणून ओरडत होतो आणि त्याच्या कानात आवाजच जात नव्हता.

'का?'

तो चहाच्या ग्लासकडे बघत म्हणाला, 'तू म्हणालास, तू बेंचवरच बरा.'

आयटीतल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. प्रोजेक्ट संपला आणि दुसरा मिळाला नाही की माणूस 'बेंच'वर जातो. पगार चालू, काम नाही आणि रोज सकाळी धास्ती. तो दोन महिने बेंचवर होता. आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. मी ते वाक्य बोललो त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, एचआरनं त्याला बोलावून राजीनामा द्यायला सांगितलं होतं. तरी तो शनिवारी खेळायला आला. 'म्हटलं दोन तास तरी डोक्यातून जाईल,' तो म्हणाला. आणि पहिल्याच मॅचमध्ये त्याचा नेम चुकला आणि मी हसत हसत ते बोललो.

माझ्या यादीत ते वाक्य होतं. आंघोळ करताना मी ते निर्दोष म्हणून सोडून दिलं होतं. जगातल्या कुठल्याही यंत्रानं, कुठल्याही भाषेत, तेच केलं असतं. काकांनी मात्र बहुधा जुडगा टेकवला असता.

'सांगायचंस ना,' मी म्हटलं.

'काय सांगू? चौघांमध्ये माझाच पगार जास्त होता.'

दुसरा चहा झाला. सॉरी कसं म्हणालो ते नाही लिहीत, पुरुषांना नीट जमत नाही ते. आमच्याकडे एक जागा आहे, नाईट शिफ्टची, त्याच्या लायकीपेक्षा कमीच, पण मी त्याचा रेझ्युमे घेतला. मग त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पोहे केले आणि 'तुम्ही ते वनाझ ना!' म्हणाल्या. त्यांना माझं खरं नाव ठाऊक नसावं. त्यानं कॉम्प्युटर चालू करून माझ्या नावावरची लाल फुली माझ्यादेखत काढली.

'पण मग रिपोर्ट केला कुणी?' मी दारात चप्पल घालताना विचारलं.

'तुझा आवाज ऐकलायस का कधी?' तो म्हणाला. 'अख्ख्या मुंबई सर्व्हरनं केला असेल.'

रामवाडीहून परतीची मेट्रो मिळाली. डब्यात चार माणसं. घरी पोचून मशीन चालू केलं तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. लॉगिन केलं तर पुन्हा तीच पिवळी चौकट, तेच वाक्य, या वेळीही बिनतारखेची. ओके दाबलं.

'ए वनाझ,' कानात आवाज आला, 'झोपलास का? उजवीकडून दोघं येतायत.'